टेनिसच्या महिला दुहेरीची तयारी: क्रम ठरवा, मग बॅग भरा

रॅकेट, ग्रिप, बूट, टॉवेल, पाणी यांवर वेळ घालवत नाही. व्यावसायिक स्पर्धेत उतरणारीला हे सांगावं लागत असेल तर कुठलीही यादी तिला वाचवणार नाही. मागच्या खेपेला माझी बॅग शिस्तीत भरलेली होती आणि तरी आम्ही हरलो, ते एक गोष्ट ठरवायची राहिली म्हणून. ही यादी त्यासाठीच आहे.

आधी नाव नोंदवणं. जोडीला प्रवेश मिळतो तो दोघींच्या क्रमवारीतल्या क्रमांकांच्या बेरजेवर, त्यामुळे बेरीज काठावर असेल तर मुदतीच्या आत काय ते ठरवा. आणि नाव कोण देणार हे बोलून घ्या. "मला वाटलं तू दिलंस" असं एकमेकींना सांगत परत आलेल्या जोड्या मी पाहिल्यात. सर्दीची गोळी घेत असाल तर त्यात स्यूडोएफेड्रिन आहे का ते डॉक्टरांना विचारा. डोपिंगच्या नियमांत स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे ते चालत नाही, आणि "औषध म्हणून घेतलं" हे कोणी ऐकून घेत नाही.

आता सामन्याचा साचा. ग्रँड स्लॅममध्ये महिला दुहेरीला पूर्ण तिसरा सेट असतो. 2015च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस तिसऱ्या सेटमध्ये 2-5 मागे होत्या आणि तिथून त्यांनी तो 7-5 घेतला. टूरवर, म्हणजे इतर व्यावसायिक स्पर्धांत, अशी उसंत मिळत नाही. एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी थेट मॅच टायब्रेक: आधी 10 गुण करेल ती जोडी जिंकते, दोन गुणांच्या फरकाने. शिवाय गेममध्ये 40-40 झालं की अ‍ॅडव्हान्टेज (सलग दोन गुण जिंकण्याची अट) नाही, एकच गुण, आणि तो कोणत्या बाजूला घ्यायचा हे सर्व्हिस घेणारी जोडी ठरवते. तेव्हा ड्यूस कोर्टवाली (उजव्या बाजूची) घेणार की अ‍ॅड कोर्टवाली (डाव्या बाजूची), हे आदल्या रात्री ठरवा. कोर्टवर कुजबुजत ठरवलं की सर्व्हिस करणारीला कळतं तुम्ही गोंधळलात. आमचं हे ठरलेलं होतं, तेवढं श्रेय द्या.

राहिलं ते हे: मॅच टायब्रेक सुरू होण्याआधी जोडीतला सर्व्हिसचा क्रम बदलता येतो. नवा सेट सुरू होताना बदलता येतो, अगदी तसाच. कोणत्या जोडीची पाळी हे आधीच्या क्रमाने चालू राहतं, पण त्या जोडीतून कोण आधी करणार हे तुमच्या हातात असतं. सर्व्हिस घेण्याच्या बाजूही बदलता येतात. मला हा नियम पाठ होता. विचारला असतात तर झोपेतही सांगितला असता.

दुसरा सेट गेला, आम्ही बाकावर बसलो. इथे 120 सेकंद मिळतात. मी केळं सोललं. जोडीदारीण बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत बसली. सेट कसा गेला यावर दोन वाक्यं झाली, तीही चिडून. पंचांनी "टाइम" म्हटलं, पाळी आमची होती, आणि मी सवयीने चेंडू घेऊन बेसलाइनवर गेले. माझा खांदा सेटच्या मध्यापासून आखडलेला होता आणि माझी सर्व्हिस दोनदा मोडली होती, म्हणजे माझ्या सर्व्हिसचे दोन गेम त्यांनी घेतले होते. तिची एकदाही नाही. तरी मीच गेले.

आता हिशोब बघा. टायब्रेकमध्ये पहिली सर्व्हिस करणारीच्या वाट्याला पहिला गुण येतो, मग आठवा-नववा, मग सोळावा-सतरावा. तिच्या जोडीदारणीकडे चौथा-पाचवा आणि बारावा-तेरावा. म्हणजे लढत घासून झाली तर शेवटचे जड गुण पहिल्या सर्व्हरच्या गळ्यात. आम्ही 8-7 पुढे होतो. सोळावा गुण: पहिली नेटमध्ये, दुसरी लांब. 8-8. सतरावा: भीतभीत टाकलेली दुसरी सर्व्हिस, समोरचीने ती माझ्या जोडीदारणीच्या पायांवर मारली. मग त्यांची सर्व्हिस, आणि 8-10. केळं अर्धं बाकावर तसंच पडलेलं होतं.

तर, क्रम ठरवा. सामन्याच्या आधीच ठरवा: टायब्रेकमध्ये पाळी आपली असेल तर कोण, त्यांची असेल तर आपल्याकडून आधी कोण. त्या दिवशी कोणाची सर्व्हिस चालते ते बघून 120 सेकंदांत बदला, पण विषय काढायचा कोणी, हे आधी ठरलेलं असू द्या. "दोघींपैकी जिला आठवेल ती" चालणार नाही, दोघींनाही आठवत नाही. पंच फार तर "कोण?" एवढंच विचारतील. मी आता रॅकेटच्या गळ्यावर पांढरी टेप लावून त्यावर "क्रम" लिहिलंय. हास्यास्पद दिसतं, दिसू दे.

सेटच्या सुरुवातीलाही हाच प्रश्न, कारण उन्हाचा. दुहेरीत प्रत्येकीची सर्व्हिस अख्खा सेट एकाच टोकाकडून येते, बाजू बदलत राहिल्या तरी. पहिला, पाचवा, नववा गेम मोजून बघा. उजव्या हाताच्या दोघी असाल तर एकीला सेटभर सूर्याकडे बघत चेंडू उडवावा लागेल, मग ती कोण ते निवडा. एक डावखुरी असेल तर सुटलात, तिचा चेंडू दुसऱ्या बाजूला उडतो.

नेटजवळचीने सर्व्हिस करणारीला द्यायच्या खुणा: मूठ म्हणजे ती जागेवर, उघडा पंजा म्हणजे चेंडू अडवायला आडवी जाणार. तुमच्या उलट्या असतील तर उलट्या, फक्त दोघींच्या सारख्या हव्यात. दुसऱ्या सर्व्हिसला खूण पुन्हा द्यायची का, तेही बोला.

सामन्याचा दिवस. दुहेरी बहुतेकदा एकेरीनंतर लागते, वेळ लांबते किंवा अचानक अलीकडे येते, तेव्हा फार लांब जाऊ नका. पुकारल्यावर 15 मिनिटांत हजर नसाल तर बाद ठरवू शकतात. खाणं थोडं. वॉर्मअपमध्ये दोघींनी दोन्ही टोकांकडून सर्व्हिस मारून बघा, ऊन कुठे येतं ते तेव्हाच कळतं. जास्तीची रॅकेट गटिंग करून. बर्फ, टेप, सुका टी-शर्ट.

आणि टायब्रेकआधीच्या त्या दोन मिनिटांत केळं खायचं नाही. आधी क्रम.