स्कॅन नव्हे, निगेटिव्ह पाहा : फिल्मवर स्ट्रीट फोटोग्राफी सुरू करणाऱ्यांसाठी

फिल्मवर स्ट्रीट फोटोग्राफी करू लागलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणती फिल्म घ्यावी’ हा असतो, आणि कोणत्या फिल्मने आपली छायाचित्रे इतरांपेक्षा निराळी दिसतील ही त्यामागची खरी उत्सुकता असते. मीही हाच प्रश्न बराच काळ विचारत होते, त्यामुळे त्याची थट्टा करणार नाही. मात्र दर रोलला नवी फिल्म वापरणाऱ्याला काहीही शिकता येत नाही, कारण निकाल बदलला तो फिल्ममुळे, प्रकाशामुळे की आपल्या हातामुळे, हे त्याला कधीच सांगता येत नाही. रोल भरणे, शटर आणि अॅपर्चर यांचे नाते, भर उन्हात अॅपर्चर एफ-16 ठेवण्याचा ठोकताळा, हे सर्व तुम्हाला येते असे मी येथे गृहीत धरते.

आता लॅबच्या स्कॅनमुळे होणाऱ्या एका फसगतीबद्दल विस्ताराने लिहिते, कारण तिच्याविषयी मला कोणीही आधी सावध केले नव्हते. रंगीत रोल धुतल्यानंतर लॅबमध्ये तो फ्रंटियर किंवा नोरित्सू अशा मिनिलॅब स्कॅनरमधून जातो. ही यंत्रे लग्नाचे आणि सहलीचे फोटो झटपट छापता यावेत म्हणून बनलेली आहेत, त्यामुळे ती प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जोखतात आणि तिचा उजेड व रंग आपल्या हिशेबाने मध्यावर आणून ठेवतात. त्यानंतर यंत्रापाशी बसलेला माणूस घनतेच्या आणि रंगांच्या कळा दाबून स्वतःच्या नजरेप्रमाणे आणखी फेरफार करतो. जिला दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी प्रकाश मिळाला आहे अशी फ्रेम या प्रवासात अंधारी राहत नाही; तिच्या सावल्या दुधाळ करड्या होतात, ग्रेन (फिल्मचा दाणेदारपणा) वर येतो आणि रंग विटल्यासारखे दिसतात. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत, जिथे बाहेर रखरखीत ऊन असतानाही आतल्या गाळ्यांवर उजेड अगदी बेताचा असतो, तिथे काढलेली माझी छायाचित्रे अशीच धुकट येत असत. त्या धुकटपणाला मी माझी शैली समजत होते आणि पाहणारेही त्याचे कौतुक करत होते. तीच निगेटिव्ह दुसरीकडे स्कॅन केली तेव्हा धुके गेले आणि गडद, किंचित हिरवट चित्र हाती आले. यात लॅबचा काही दोष नव्हता. दोन्ही ठिकाणी माझ्या पातळ, म्हणजे कमी प्रकाशामुळे जवळजवळ पारदर्शक राहिलेल्या, निगेटिव्हवर जे करता येण्यासारखे होते ते करून दिले गेले होते.

म्हणून स्कॅनवरून एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मला मिळालेल्या प्रकाशाचा, न्याय कधीही करू नका. निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरा आणि प्रथम कडेला छापलेले फिल्मचे नाव व फ्रेमचे आकडे पाहा. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि रोल धुताना दिसू लागतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. आकडे ठळक असून फ्रेम जवळजवळ पारदर्शक असेल, तर रोल व्यवस्थित धुतला गेला आहे आणि प्रकाश तुम्ही कमी दिला आहे. आकडेच फिके असतील, तर धुलाई अपुरी झालेली आहे. हे तपासायला फार तर मिनिटभर लागते. निगेटिव्ह परत न घेता केवळ फाइल मागवणाऱ्यांना तेवढेही करता येत नाही, आणि अशा लोकांनी सरळ डिजिटल कॅमेरा वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी प्रकाशाचे कारण पुष्कळदा जुन्या कॅमेऱ्यातच दडलेले असते. कॅननेटसारख्या जुन्या कॅमेऱ्यांचा प्रकाश मोजणारा मीटर 1.35 व्होल्टच्या पारा-सेलसाठी बनलेला आहे. आज मिळणारा 1.5 व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटरला प्रकाश असल्यापेक्षा जास्त वाटतो आणि तो एक्स्पोजर कमी देतो. यावर घाबरण्याचे मात्र कारण नाही. रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जादा प्रकाश सहज पचवते, म्हणून शंका आली की एक स्टॉप अधिक द्यावा आणि निश्चिंत व्हावे.

निगेटिव्ह अशी वाचायची असते हे मला एका पेठेतल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी दाखवले, आणि त्यासाठी त्यांनी एक रुपयाही घेतला नाही. उलट, वीस-पंचवीस जणांचा घोळका घेऊन एकाच भाजीवाल्या मावशींवर कॅमेरे रोखायला लावणाऱ्या सशुल्क फोटोवॉकमधून दृष्टी घडते यावर माझा विश्वास नाही. शिकवणारा फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत कधी उभा राहिला आहे का, एवढे तरी विचारून पाहावे.

शैलीचा शोध माझ्यासाठी खऱ्या अर्थाने सुरू झाला तो निवड कमी केल्यावर. एचपी-5 ही एकच कृष्णधवल फिल्म, डी-76 हा एकच डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) आणि 35 मिमीची एकच लेन्स. ही लेन्स एफ-8 वर तीन मीटरला फोकस करून ठेवली की साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते. 50 मिमीच्या लेन्सवर हाच पट्टा सुमारे सव्वादोन ते सव्वाचार मीटर इतका आखडतो, आणि तुळशीबागेच्या गर्दीत फोकस फिरवायला सवड नसते. रोल घरीच धुणाऱ्यांना उन्हाळ्यात नळाच्या पाण्याचा त्रास होतो, कारण डेव्हलपर 20 अंशांवर हवा असतो. बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवाव्यात, आणि फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) व धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास राखावे.

त्यानंतर सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या लाइटपॅडवर मांडून मोबाइलने एकच फोटो घ्यावा आणि त्यातले काळे-पांढरे उलटे करावे. ही झाली कॉन्टॅक्ट शीट. येथे सर्व फ्रेमना एकच एक्स्पोजर मिळत असल्याने पातळ फ्रेम पातळच दिसते. माझ्या अशा शीट शेजारी-शेजारी लावल्यावर लक्षात आले की चालता चालता टिपलेल्या जवळजवळ सगळ्या फ्रेम मी बाद करत होते. राखलेल्या फ्रेम एका जागी उभे राहून, दोन ताडपत्र्यांमधून उन्हाचा पट्टा पडतो तिथे थांबून काढलेल्या होत्या. त्यांत चेहऱ्यांपेक्षा सौदा करणारे हात अधिक होते. मी भटकणारी छायाचित्रकार नाही, हे मला कोणत्याही फिल्मने सांगितले नसते. आता मी जागा आधी ठरवते आणि दुकानदारांना विचारून उभी राहते, त्यामुळे लोक बिचकतही नाहीत.

अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रांड मुद्दाम वर्षभर थांबून रोल धूत असत आणि 1984 मध्ये ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते, ही गोष्ट नवशिक्यांना फार मोहवते. कृपा करून तिचे अनुकरण करू नका. रोल लगेच धुवा, निगेटिव्ह लगेच वाचा. थांबायचे असेल तर निवड करताना थांबा, कारण काढतानाचा उत्साह ओसरल्याशिवाय वाईट फ्रेम वाईट दिसत नाही.

रंगाकडे मी आता पुन्हा वळते आहे. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी भारतातले रस्ते कोडाक्रोमसारख्या स्लाइड फिल्मवर टिपले. स्लाइडवर थेट पॉझिटिव्ह, म्हणजे खऱ्या रंगांचे चित्र, उमटते. अर्ध्या-एक स्टॉपची चूकही ती लपवत नाही आणि मधल्या कोणालाही अर्थ लावायला वाव ठेवत नाही. कोडाक्रोम धुणे 2010 च्या अखेरीस जगभरातच बंद झाले आणि इतर स्लाइड फिल्म मला परवडत नाहीत, म्हणून मी साधी रंगीत निगेटिव्ह वापरते, लॅबकडून केवळ रोल धुऊन घेते आणि स्कॅनिंग घरी, सगळ्या फ्रेमना एकच एक्स्पोजर देऊन करते. हिरव्या ताडपत्रीखाली कातडीचा रंग कसा ठेवावा, हे अजून जमलेले नाही.