लसीनंतर अँटीबॉडी मोजायच्या आहेत? रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णासाठी तयारीची यादी

रक्त काढायला दोन मिनिटं लागतात. पण येणाऱ्या आकड्याचा काही उपयोग व्हायचा असेल तर तयारी लस घ्यायच्या आधीपासूनच करावी लागते. मी नमुने घेणाऱ्या टेबलामागे बसतो, आणि तिथे सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो तारखांपायी. तेव्हा एका कोऱ्या पानावर आधी तारखा लिहून काढा: लसीच्या प्रत्येक डोसची, शेवटच्या औषधोपचाराची, शेवटच्या आयव्हीआयजीची (शिरेतून देतात त्या, दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीची), आणि रक्त किंवा प्लाझ्मा चढवला असेल तर त्याची. औषधापुढे नुसतं ‘केमो’ लिहू नका, नाव लिहा.

नावाचा आग्रह उगाच नाही. रिटुक्सिमॅबसारखं औषध सीडी-२० ही खूण असलेल्या सगळ्या बी पेशी उडवतं, मग त्या रोगट असोत की चांगल्या. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी याच बी पेशींतून तयार होतात. त्या नसताना लस दिली तर शरीराकडून उत्तर मिळणं अवघडच. त्या परत येऊ लागायला साधारण सहा महिने आणि पुरत्या भरून यायला वर्षभरही लागतं. म्हणून जमत असेल तर निष्क्रिय लसी (ज्यांत जिवंत जंतू नसतो त्या) उपचार सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी उरकाव्यात, नाहीतर रिटुक्सिमॅबनंतर सहा महिने थांबावं. फ्लूच्या लसीला मात्र हंगाम असतो, तिथे डॉक्टर थांबू देतीलच असं नाही. जिवंत विषाणूच्या लसी तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय घ्यायच्याच नाहीत. इब्रुटिनिब (बी पेशींचं काम रोखणारं औषध) घेणाऱ्यांनी, आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया (बी पेशींचाच कर्करोग) असूनही अजून उपचार सुरू न झालेल्यांनी, आकडा कमी येऊ शकतो हे आधीच धरून चालावं. तो औषधाचा किंवा आजाराचाच भाग आहे, लस वाया गेली असं समजू नका.

आता आयव्हीआयजी. माझ्या मते सर्वांत जास्त फसगत इथेच होते. एकदा मायलोमाच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) एका रुग्णाचा मुलगा हसतहसत फाईल घेऊन आला. वडिलांनी हिपॅटायटिस बीचा पहिलाच डोस घेतला होता आणि अँटीबॉडी चक्क पॉझिटिव्ह. फाईल मागे उलटत गेलो तर नऊ दिवसांपूर्वी आयव्हीआयजी दिल्याची नोंद सापडली. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या त्या बाटलीत त्या दात्यांच्या अँटीबॉडी असतात, आणि आमचं यंत्र आपली-परकी ओळखत नाही. त्यांचं प्रमाण निम्म्यावर यायलाच तीनएक आठवडे लागतात. पुढची बाटली चढण्याच्या अगदी आधी नमुना दिला तर भेसळ कमी होते, संपत नाही. याची दुसरी बाजू जास्त त्रासाची: आयव्हीआयजीमुळे हिपॅटायटिस बीची कोअर अँटीबॉडीही (जी एरवी लसीने नाही, संसर्गानेच तयार होते) पॉझिटिव्ह दिसू शकते आणि जुना संसर्ग असल्याचा घोळ होतो. म्हणून हिपॅटायटिस बीच्या तपासण्या आयव्हीआयजी सुरू होण्याआधी करून घ्या. रिटुक्सिमॅबच्या आधी तर त्या लागतातच, कारण दबलेला विषाणू त्या औषधाने उसळू शकतो.

पहिला नमुना डोसच्या आधीचा. तो नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडायचा? फ्लूच्या चाचणीत लसीनंतर अँटीबॉडी चौपट झाल्या तर प्रतिसाद मिळाला असं धरतात, आणि चौपट कशाच्या हे आधीच्या नमुन्यावरूनच कळतं. दुसऱ्या नमुन्याची वेळ लसीप्रमाणे बदलते: न्यूमोकोकससाठी (न्यूमोनिया करणारा जीवाणू) चार ते आठ आठवड्यांनी, हिपॅटायटिस बीसाठी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी. हिपॅटायटिस बीच्या लसीनंतर काही दिवस, कधी अठरा दिवसांपर्यंत, रक्तात लसीचाच पृष्ठ-अँटिजेन (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन, एरवी चालू संसर्गाची खूण) सापडू शकतो. घाईने ती तपासणी केली तर विनाकारण घबराट उडते. कोविडसाठी स्पाइक (विषाणूच्या बाहेरच्या काट्यांचं प्रथिन) आणि न्यूक्लिओकॅप्सिड (आतलं प्रथिन) अशा दोन्ही अँटीबॉडी मागा. स्पाइकवर आधारलेल्या लसीने फक्त स्पाइकची वाढते, न्यूक्लिओकॅप्सिडचीही सापडली तर बहुधा संसर्ग होऊन गेलाय. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने.

त्याच सुईत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आयजीजी-आयजीए-आयजीएम (अँटीबॉडींचे प्रकार) आणि सीडी-१९ पेशींची (म्हणजे बी पेशींची) मोजणीही करून घ्या, म्हणजे प्रतिसाद कमी का आला याचा अंदाज येतो. उपाशीपोटी यायची गरज नाही. केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून पुष्कळ जण बायोटिनच्या गोळ्या घेतात आणि औषधांच्या यादीत त्या सांगतच नाहीत. काही यंत्रांवर बायोटिनमुळे आकडा खोटा वर किंवा खाली जातो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ सालीच तसा इशारा दिला होता. किती दिवस आधी बंद करायच्या ते प्रयोगशाळेला विचारा.

टी पेशींची चाचणी (लसीला अँटीबॉडीऐवजी पेशींनी दिलेलं उत्तर मोजणारी) सांगितली असेल तर तिची वेळ ठरवूनच या. त्यासाठी हेपरिनची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब लागते आणि पेशी जिवंत पोचाव्या लागतात. नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, त्याच दिवशी पोचवायचा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर नकोच. लिम्फोसाइट (बी आणि टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) फार कमी असतील तर ‘अनिर्णित’ असा रिपोर्ट येतो, तेव्हा सीबीसी आधी बघून घेतलेली बरी.

रिपोर्ट आला की हिपॅटायटिस बीपुरती दर मिलिलिटरला १० मिलि-आंतरराष्ट्रीय एककांची रेघ पक्की आहे. त्याखाली असाल तर पुन्हा डोस द्यायचे का ते डॉक्टर ठरवतील. कोविडसाठी अशी सर्वमान्य रेघ नाही, त्यामुळे मोठा आकडा बघून मास्क काढू नका आणि शून्य बघून पुढचा डोस टाळू नका. तारखांचं ते पान रिपोर्टलाच टाचून ठेवा. आम्ही छापतो त्यात फक्त नमुन्याची तारीख असते, लसीची नसते.