कुपोषणाच्या कामात मदत करायला निघालात? या चुका टाळा

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या नाहीतर मेळघाटाच्या बातम्या छापून येतात आणि पाठोपाठ मदतीच्या गाड्या घाट चढू लागतात. बिस्किटांचे खोके, बॅनर, एकसारखे टी-शर्ट. मनात कळकळ असते, नाही असं नाही. पण एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे आणि तुमच्या प्रकल्पाला निधी मार्चपर्यंत. अंगणवाडी, ग्राम बालविकास केंद्र, मग एनआरसी म्हणजे दवाखान्यातलं पोषण पुनर्वसन केंद्र, अशी साखळी उभी आहे. तिची कडी कुठे निसटते ते शोधून तिथे हात लावायचा, तर मंडळी शेजारीच आपलं वेगळं दुकान थाटतात. त्यातल्या नेहमीच्या चुका इथे लिहितो.

उंची घाईत घेणं

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते इथे. वजन सगळे नीट करतात, कारण काट्यावर आकडा दिसतो. उंची मात्र भिंतीला चिकटवलेल्या टेपवर घेतली जाते. टाचा उचललेल्या, केसांचा अंबाडा तसाच, आणि रडणारं पोर एका हाताने दाबून धरलेलं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची असते, इन्फँटोमीटरवर, आणि त्याला माणसं दोन लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून तळवे सरकत्या फळीला लावायचे. त्याच वयाचं मूल उभं करून मोजलंत तर आकडा साधारण ०.७ सेंटीमीटरने कमी भरतो.

‘एवढ्याने काय होतंय?’ हा प्रश्न मला दर प्रशिक्षणात विचारला जातो. मूल सॅम (अतितीव्र कुपोषित) की मॅम (मध्यम कुपोषित) हे उंचीच्या मानाने वजन किती यावर ठरतं. ७० सेंटीमीटरच्या आसपास एका सेंटीमीटरमागे सॅमची रेषा जवळपास २०० ग्रॅमने सरकते. उंची कमी लिहिली की तेच वजन पुरेसं दिसायला लागतं आणि सॅमचं मूल कागदावर मॅम होतं. उलट अंबाड्यावर फळी टेकली की धडधाकट पोर सॅमच्या यादीत जाऊन बसतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं कृश, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, निघाली; १०.९ टक्के तीव्र कृश. आता एखाद्या दुर्गम तालुक्याच्या यादीत सॅमची चार-दोनच नावं दिसली, तर मी आधी मोजपट्टी बघायला मागतो.

माझी सवय अशी: प्रत्येक मूल दोनदा मोजायचं आणि अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. काट्यावर मधूनमधून एक लिटर पाण्याची भरलेली बाटली ठेवायची. किलोभर दाखवायलाच हवं. जन्मतारीख माता-बाल कार्डावरून घ्यायची, ‘होळीच्या आसपास झाला’ यावर भागवायचं नाही. एका दुपारीत अख्ख्या गावाची मोजणी आटोपली असं जो अभिमानाने सांगतो, त्याची यादी मी उघडतच नाही.

दंडघेराचंही तसंच. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, पट्टी टेकलेली पण आवळलेली नाही. ११.५ सेंटीमीटरच्या खाली आला की सॅम, मग वजन-उंची काहीही म्हणू दे.

पाय न बघता वजन बघणं

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची तरुण मंडळी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर तपासणीला आली होती. मी त्या दिवशी सोबत होतो. दीड-दोन वर्षांच्या एका मुलाचं वजन महिन्याभरात चांगलंच वाढलेलं दिसलं. आजी खूश, “पोरानं बाळसं धरलं.” मंडळी त्याहून खूश, गोबऱ्या गालांचा फोटोही निघाला, अहवालातल्या यशोगाथेसाठी. अंगणवाडीच्या ताई मागे उभं राहून सांगत होत्या, “हे हसत नाही, खात नाही, नुसतं बसून असतं.” कोणी लक्ष देईना, कारण टॅबवर मूल हिरव्या रंगात होतं.

शेवटी ताईच पुढे झाल्या. मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबले, ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणत मोजलं आणि अंगठे उचलले. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला. वाढलेलं वजन पाण्याचं होतं.

दोन्ही पायांवर अशी सूज असली की मूल सॅम. तिथे तक्ता बघायचा नसतो, सरळ एनआरसी गाठायची असते. मंडळींपैकी एकाने तेवढ्यात पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले होते. ते ताईंनी परत पिशवीत ठेवायला लावले, आणि बरोबरच केलं. अशा मुलाला पहिल्याच दिवशी भरपूर खाऊ घातलं तर शरीराला ते झेपत नाही, हृदयावर ताण येतो. एनआरसीत सुरुवातीला एफ-७५ हे दूध थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा देतात ते त्याचसाठी. वाटेत कोणी ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावून घ्या’ म्हणालं तर गाडी थांबवू नका; सॅमच्या मुलाला सरसकट सलाईन लावणं धोक्याचं असतं.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सूज उतरताना वजन आधी घटतं. हे माहीत नसलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘इथे तर पोर वाळायला लागलं’ म्हणत माणसं मुलाला उचलून घरी नेतात.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी पाय, मग काटा.

भूक चाचणी गाळणं

मूल दिलेला आहार आपणहून खातं का, हे बघायची ही चाचणी. वेळ जातो म्हणून गाळतात. पण सॅमचं मूल गावातच ग्राम बालविकास केंद्रात बरं होईल की एनआरसीत न्यावं लागेल, हे ठरवायला ही चाचणी लागते. मूल दिलेला आहार खात नसेल तर ते दवाखान्याचं काम आहे. लाडीगोडी लावून दोन घास कोंबले आणि ‘पास’ लिहिलं, असं करू नका.

एनआरसीच्या दारात सोडून परतणं

रुग्णवाहिका येते, फोटो निघतो, आणि पाचव्या दिवशी वहीत शेरा पडतो: ‘आई पळून गेली.’ पळून जायला ती कैदी आहे का? तिथे साधारण १४ दिवस राहायचं असतं. घरी आणखी दोन पोरं, म्हातारी सासू, आणि भातलावणीचे दिवस. बुडीत मजुरी मिळते हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, सांगितलं तर बँक खातं बंद पडलेलं असतं. मी गाडी बोलवायच्या आधी घरी बसून तीनच गोष्टी ठरवतो: थोरल्या पोरांना कोण सांभाळणार, चूल कोण पेटवणार, खात्याचं पासबुक कुठे आहे. त्याला अर्धा दिवस जातो. तेवढा धीर नसलेल्यांनी या कामात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सुट्टी झाल्यावर दर पंधरा दिवसांनी पाठपुरावा. तो आशाताई आणि सेविका यांच्यासोबत, परस्पर नाही.

लहान-मोठं आणखी काही

बिस्किटं वाटू नका. गोड खाऊन पोरं दुपारचं जेवत नाहीत.

अंडी-केळी द्यायची हौस असेल तर आधी विचारा: आदिवासी भागात अमृत आहार योजनेत ती मिळायलाच हवीत. मिळत नसतील तर आहार समितीच्या बैठकीत जाऊन पैसे कुठे अडकले ते बघा. तुमचा एक ट्रे आठवड्यात संपतो.

घरपोच आहाराचं पाकीट एकट्या बाळाच्या पोटात जातं असं समजू नका. घरात चार पोरं असतील तर चौघंही खाणार.

सेविकेला गावासमोर दरडावू नका. ती पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये नोंदी भरते, लसीकरणाला बायका गोळा करते, सर्वेक्षणं करते, आणि तुमच्यासाठी चहाही तीच ठेवते.

आहाराचे सल्ले शहरातून आणू नका. घरात नागली, वरई, उडीद आहे; सहा महिन्यांनंतर त्याचीच घट्ट पेज आणि वरून चमचाभर तेल. पातळ पाण्यासारखी पेज पोट भरते, पोसत नाही.

स्थलांतर विसरणं ही शेवटची. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि उपचार अर्धवट राहिलेली मुलंही सोबत जातात. म्हणून दसऱ्यालाच घरोघर विचारून घ्यायचं: कुठल्या गावाला, कुठल्या शेठच्या भट्टीवर, फोन कोणाकडे. कार्डाचा फोटो काढून ठेवायचा, ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करून घ्यायची आणि भट्टीच्या गावातल्या सेविकेला आपण स्वतः फोन करायचा. एवढं न करता जानेवारीत पाड्यावर जाऊन ‘लाभार्थी आढळले नाहीत’ असा शेरा मारायचा असेल, तर डिझेल तरी कशाला जाळायचं?