कीलेस गाडीचा इन्शुरन्स: ब्रिटनमध्ये हप्ता कसा आटोक्यात ठेवावा आणि क्लेम कसा टिकवावा

रिन्युअलचं पत्र उघडलं, आकडा बघून पोटात गोळा आला, आता काय करू? असे फोन मला लंडन आणि आसपासच्या हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ या भागांतल्या ओळखीच्यांकडून सतत येतात. गाडी बहुधा रेंज रोव्हर असते, नाहीतर लेक्सस किंवा बीएमडब्ल्यू. बटणावर चालू होणारी, किल्ली खिशातून काढावीही लागत नाही अशी. फोन करण्याआधी त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलेलं असतं आणि तिथे मिळालेला निम्मा सल्ला घातक असतो. माझी स्वतःची गाडी २०२२ मध्ये दारातून गेली. तेव्हापासून घरातल्या, नात्यातल्या आणि मंडळातल्या लोकांच्या कितीतरी पॉलिस्या मी शब्दन् शब्द वाचल्या आहेत. आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

गाडी चोरापासून वाचवणं हे एक काम आणि हप्ता कमी करून क्लेम टिकवणं हे दुसरं. पहिल्याला वस्तू लागतात, दुसऱ्याला कागद. लोक वस्तूंवर पैसे खर्च करतात, कागदाकडे बघतही नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात.

१. गाडी जाते कशी ते समजून घ्या

सगळ्यांना माहीत असलेली पद्धत म्हणजे रिले. दोघे जण येतात. एक गाडीजवळ उभा राहतो, दुसरा हातात अँटेना धरून तुमच्या दाराशी, भिंतीशी फिरतो. गाडी किल्लीला जी हलकी हाक मारते, ती हे यंत्र घरातल्या किल्लीपर्यंत पोचवतं. किल्ली उत्तर देते, गाडीला वाटतं मालक शेजारीच उभा आहे आणि दार उघडतं. काच फुटत नाही, आवाज होत नाही, मिनिटभरात गाडी रस्त्यावर.

दुसऱ्या पद्धतीत किल्लीचा संबंधच नसतो. गाडीच्या आतली वेगवेगळी यंत्रं ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्या कॅन-बसमध्ये चोर हेडलाइटच्या मागून शिरतो आणि ‘किल्ली खरी आहे’ असा खोटा निरोप सोडतो. इयन टेबर हे स्वतः वाहन-सुरक्षेचे अभ्यासक. त्यांचीच टोयोटा रॅव्ह-४ २०२२ मध्ये लंडनमध्ये अशी गेली. त्यांनी आणि केन टिंडेल यांनी या चोरीची उकल २०२३ मध्ये जगापुढे मांडली. ते यंत्र साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं असायचं. गाडी जाण्याआधी टेबर यांना बंपर ओढलेला आणि हेडलाइटची तार निघालेली दिसली होती. तुमच्या गाडीला असं काही दिसलं तर ‘कुणीतरी पोरांनी खोडी केली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. चोर परत येणार आहे.

म्हणजे किल्लीचा सिग्नल अडवणारा पाउच पहिल्या चोरीला अडवतो, दुसरीला नाही. ‘पाउच घेतलाय, आता चिंता नाही’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

२. किल्ली झोपवा, गाडीला कुलूप लावा

बऱ्याच गाड्यांत कीलेस बंद करता येतं आणि ते फुकट असतं. टोयोटा-लेक्ससच्या पुष्कळ किल्ल्यांवर लॉकचं बटण धरून ठेवून अनलॉक दोनदा दाबलं की दिवा चार वेळा लुकलुकतो आणि किल्ली झोपते. मर्सिडीजच्या अनेक किल्ल्यांना लॉक लागोपाठ दोनदा दाबलं की पुरतं. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर पाउच, आणि तोही तपासून: किल्ली पाउचमध्ये ठेवून गाडीला खेटून उभे राहा आणि दाराची मूठ ओढा. दार उघडलं तर पाउच फेकून द्या. घडीवर आतलं अस्तर हळूहळू तुटतं, म्हणून महिन्यातून एकदा हे करा. स्टीलच्या डब्यालाही हीच परीक्षा, झाकण सैल असेल तर तो उपयोगाचा नाही. किल्ली मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला सांगतात ते साफ चूक आहे. घरातल्या कुणी सवयीनं मायक्रोवेव्ह चालू केला तर किल्ली जाईलच, वर आगीचा धोका. दुसरी किल्ली ड्रॉवरमध्ये उघडी पडलेली असते, तिलाही पाउच हवा.

स्टिअरिंगचं कुलूप घ्या, कुलपांची चाचणी घेणाऱ्या ‘सोल्ड सिक्युअर’ या ब्रिटिश संस्थेचं डायमंड किंवा गोल्ड मानांकन असलेलंच.

३. डीलरकडून अपडेट करून घ्या आणि कागद मागा

जग्वार लँड रोव्हरनं २०२३ मध्ये जुन्या गाड्यांची सुरक्षा सुधारायला एक कोटी पौंडांहून जास्त खर्च करायचं जाहीर केलं आणि २०१८ पासूनच्या बऱ्याच मॉडेलना अपडेट देऊ केलं. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी ते झालंय का हे नंबर सांगून डीलरला विचारावं. झालं असेल तर तारखेसह लेखी घ्यावं. ‘ऑनलाइन दिसतं’ यावर भागवू नका.

४. ट्रॅकर आणि फॉर्ममधली ती एक खूण

माझं घोडं इथेच अडलं होतं, म्हणून हे सविस्तर.

मी गाडी दोन वर्षं वापरलेली घेतली होती. ग्लोव्हबॉक्समध्ये थॅचम (विमा कंपन्यांसाठी गाड्यांची सुरक्षा तपासणारी ब्रिटिश संस्था) एस-५ ट्रॅकरचं सर्टिफिकेट होतं, काचेवर स्टिकर होता. तुलनेच्या साइटवर ‘ट्रॅकर बसवला आहे का?’ असा प्रश्न आला, मी ‘हो’वर खूण केली, हप्ता उतरला आणि मी खूश झाले. नोव्हेंबरात एका पहाटे दूध घ्यायला दार उघडलं, तर दवानं भिजलेल्या ड्राइव्हवेवर गाडीएवढा कोरडा चौकोन होता. ट्रॅकर कंपनीच्या कंट्रोल रूमला फोन केला. त्यांनी गाडीचा नंबर विचारला, थोडं थांबवलं आणि सांगितलं की हे सबस्क्रिप्शन आधीच्या मालकाच्या नावावर होतं आणि सात महिन्यांपूर्वी संपलं. यंत्र गाडीत होतं, पण ते कुणाशीच बोलत नव्हतं. विमा कंपनीनं पॉलिसीतली एक ओळ दाखवली: ट्रॅकर चालू स्थितीत आणि वर्गणी भरलेली असली पाहिजे. पाच महिने पत्रव्यवहार झाला आणि हाती आली ती कमी केलेली रक्कम. ती ओळ मला पहिल्या दिवशीच पाठवलेली होती, पॉलिसी शेड्युलच्या शेवटच्या पानावर, ‘एंडॉर्समेंट’ म्हणजे खास जोडलेल्या अटी, या मथळ्याखाली. म्हणून सांगते, पॉलिसी आली की आधी ते पान काढा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

कायदा काय म्हणतो तेही माहीत हवं. ग्राहकांच्या विम्याचा २०१२ चा कायदा तुमच्याकडून एवढंच मागतो, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काळजीपूर्वक, खरं द्या. चूक निष्काळजीपणाची ठरली तर कंपनी त्या प्रमाणात पैसे कापू शकते. खरं उत्तर दिलं असतं तर हप्ता १,००० पौंड पडला असता आणि तुम्ही ६०० भरलेत, तर क्लेमचेही साठ टक्केच मिळतील. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर काहीच मिळत नाही.

आता मी प्रत्येकाला काय करायला लावते ते सांगते.

आधी यंत्र कुठल्या वर्गाचं आहे ते बघा. थॅचमच्या सध्याच्या यादीत एस-५ आणि एस-७ असे दोन वर्ग आहेत. एस-५ चालकाला ओळखतो: खिशातला टॅग जवळ नसताना गाडी हलली की कंट्रोल रूमला कळतं. एस-७ गाडी शोधतो, पण चालक कोण ते त्याला कळत नाही. कंपनीनं एस-५ मागितला असेल तर एस-७ चालणार नाही. फोनच्या ॲपवर गाडी दिसते म्हणजे ट्रॅकर आहे, असंही नाही. ॲपलचा एअरटॅग तर या प्रश्नाचं उत्तर नव्हेच. सोबत अनोळखी एअरटॅग फिरतोय हे तो चोराच्याच आयफोनला कळवतो. एअरटॅग जरूर ठेवा, पण फॉर्ममध्ये त्यावर ‘हो’ म्हणू नका.

सर्टिफिकेट तुमच्या नावावर आणि तुमच्या गाडीच्या नंबरावर हवं. वर्गणी संपायची तारीख पॉलिसी संपायच्या तारखेनंतरची हवी. ऑटो-रिन्युअल लावलं असलं तरी बँकेचं कार्ड बदललं की ते निमूट बंद पडतं, आणि आठवणीची ईमेल कुठल्यातरी जुन्या पत्त्यावर जाते. कार्ड बदललं की सर्वांत आधी ट्रॅकरवाल्यांना कळवा.

मग कंट्रोल रूमला फोन करून गाडी आत्ता कुठे दिसते ते विचारा. एस-५ असेल तर त्यांना आधी सांगून, टॅग घरात ठेवून गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणा आणि त्यांचा फोन येतो का बघा. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत तो फोन तिच्या नवऱ्याच्या बंद झालेल्या नंबरवर जात होता. टॅग किल्लीच्या जुडग्यात लावू नका, गाडीत तर ठेवूच नका. जुडगा गेला की टॅगही गेला. पाकिटात ठेवा.

आणि आपल्यासाठी खास: डिसेंबरात तुम्ही तीन आठवडे पुण्याला किंवा नाशिकला जाता, इथलं सिम काढून ठेवता आणि गाडी ड्राइव्हवेवर असते. रात्री तीनला कंट्रोल रूमनं फोन केला तर उचलणार कोण? जाण्याआधी विश्वासातल्या शेजाऱ्याचा नंबर दुसरा संपर्क म्हणून द्या आणि त्या शेजाऱ्याला तसं सांगूनही ठेवा.

शेवटी विमा कंपनीला ईमेलवर किंवा चॅटवर एकच प्रश्न विचारा: माझ्या पॉलिसीतली ही अट या यंत्रानं, या सर्टिफिकेटनं पूर्ण होते का? उत्तर आलं की जपून ठेवा. फोनवर विचारलं असेल तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. हा कंटाळवाणा उद्योग अर्ध्या तासाचा आहे. मी तो केला नाही, म्हणून पाच महिने गेले.

याच फॉर्ममध्ये आणखी तीन जागा आहेत जिथे लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. ‘रात्री गाडी कुठे असते?’ गॅरेजमध्ये फ्रीझर, बॅगा आणि गणपतीचं मखर असेल तर गाडी तिथे नसते, ड्राइव्हवेच लिहा. ‘मुख्य चालक कोण?’ रोज मुलगा चालवत असेल आणि तुम्ही स्वतःचं नाव घालत असाल तर त्याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. हप्ता कमी यावा म्हणून लेस्टरच्या चुलतभावाचा पत्ता देणं हेही तसलंच. तिसरं म्हणजे बाहेरून बसवलेला इमोबिलायझर. स्टिअरिंगवरच्या बटणांचा ठरलेला क्रम दाबल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारी ही यंत्रं माझ्या मते पैसे वसूल करून देतात, कारण कॅन-बसच्या चोरीवर त्यांचा खरा उपयोग होतो. पण बसवण्याआधी विमा कंपनीला कळवा, आणि गाडी लीजवर किंवा कर्जावर असेल तर ती देणाऱ्या कंपनीची लेखी परवानगी घ्या.

५. कोट मागवा

कागद हातात आल्यावरच, आणि रिन्युअलच्या साधारण तीन आठवडे आधी. आदल्या रात्री बसलात तर महाग पडेल. ‘जुन्या ग्राहकाला लुबाडतात, कंपनी बदललीच पाहिजे’ हा सल्ला आता जुना झाला. १ जानेवारी २०२२ पासून एफसीएच्या, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकाच्या, नियमानं तीच कंपनी तुम्हाला रिन्युअलला नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावू शकत नाही. तरी तुलना कराच, कारण एकाच मॉडेलकडे बघायची प्रत्येक कंपनीची नजर वेगळी असते. गाडी वर्षात किती मैल चालते ते खरं लिहा, जमलं तर वर्षाचे पैसे एकरकमी भरा, महिन्याच्या हप्त्यावर बहुधा व्याज असतं. कोटात १२ टक्के विमा-कर धरलेला असतो, त्यावर घासाघीस होत नाही. पॉलिसी घेतल्यावर १४ दिवसांत ती मागे घेता येते. एंडॉर्समेंटचं पान त्याच १४ दिवसांत वाचायचं.

सगळ्यांनी नकार दिला तर ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनच्या यादीतून ब्रोकर शोधा. महागड्या गाड्यांचं काम करणारे ब्रोकर माणसाशी बोलतात, तुमचा ट्रॅकर, इमोबिलायझर, अपडेटचा कागद बघतात. हा सगळा गठ्ठा तिथे कामाला येतो.

६. गाडी गेलीच तर

पोलिसांना कळवा. चोरी डोळ्यांसमोर चालू असेल तर ९९९, नाहीतर १०१. क्राइम रेफरन्स नंबर घेऊन लगेच ट्रॅकरच्या कंट्रोल रूमला द्या. चोर पुष्कळदा गाडी जवळच्याच एखाद्या शांत रस्त्यावर एक-दोन दिवस उभी करून ठेवतात, कुणी शोधत येतं का ते बघायला. तेवढ्यात सापडली तर सापडली, फेलिक्सस्टोसारख्या बंदरावर कंटेनरमध्ये गेली की फार अवघड. मग विमा कंपनी. ती दोन्ही किल्ल्या मागेल, कारण काही किल्ल्यांमध्ये शेवटच्या वापराची नोंद असते. म्हणून वापरलेली गाडी घेताना दोन्ही किल्ल्या घ्याच आणि हरवलेली किल्ली गाडीच्या मेमरीतून काढून टाकायला सांगा.

क्लेम नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार. आठ आठवड्यांत निकाल आला नाही किंवा पटला नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समन, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले तंटे सोडवणारी स्वतंत्र संस्था. तिथे पैसे लागत नाहीत, पण अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. किल्ल्या पाठवण्याआधी दोन्हींचा फोटो काढा, साध्या टपालानं न टाकता सही घेऊन पोचवणाऱ्या सेवेनं पाठवा आणि पावती क्लेमच्या फाइलमध्ये लावा.