रेडिएशननंतर लघवीत रक्त? ‘उन्हाळी’ समजू नका, या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात कुणाला लघवीला जळजळ झाली, की घरोघरी निदान ठरलेलं: उन्हाळी लागली. माझ्या मावशीलाही आम्ही सब्जा, धन्याचं पाणी देत बसलो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिला रेडिएशन देऊन चार वर्षं झाली होती. त्याचा इथे संबंध असेल, हे कुणाला सुचलंच नाही. सगळ्यात मोठी चूक हीच.

ओटीपोटावर दिलेल्या किरणांमुळे मूत्राशयातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात, अस्तराला रक्त पुरत नाही. मग नाजूक, फुगीर वाहिन्या तयार होतात आणि त्या फुटून रक्त येतं. उपचार चालू असताना होणारी जळजळ बहुधा काही आठवड्यांत शमते. उशिराचा त्रास मात्र सहा महिन्यांनी सुरू होतो, कधी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून डॉक्टर कोणताही असो, पहिलं वाक्य ‘रेडिएशन झालंय’ हेच असू द्या.

आम्ही ते सांगितलं नाही. मावशीने अँटिबायोटिकचे तीन कोर्स घेतले, तेही लघवीचं कल्चर न करता. कल्चर केलं तेव्हा जंतू निघालेच नाहीत. कल्चर स्वच्छ आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. रक्त कॅन्सरमुळे तर येत नाही ना, हे पाहायला दुर्बिणीची तपासणी लागतेच.

सारखं जावं लागतं म्हणून पाणी तोडणं ही घराघरातली चूक. चंद्रपूर-गडचिरोलीहून बसने येणाऱ्या बाया तर सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत. घट्ट लघवी आणखी झोंबते. जळजळ असेपर्यंत सावजी रस्सा आणि कडक चहा बाजूला ठेवा, तंबाखू तर कायमची सोडा.

रक्ताच्या गाठी पडून लघवी अडली तर रात्र काढू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. तिथे जाड नळी घालून गाठी काढतात आणि सलाईनने मूत्राशय धुत राहतात. रक्त थांबवणारी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी मनाने घेऊ नका, तिने आतल्या गाठी विरघळायच्या थांबतात. हृदयाच्या स्टेंटसाठी रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर तेही स्वतःहून बंद करायचं नाही.

एवढ्याने भागलं नाही तर दुर्बिणीतून वाहिन्या जाळतात, किंवा तुरटीच्या सौम्य द्रावणाने मूत्राशय धुतात. हो, तीच तुरटी. पण हे दवाखान्यातच. हायपरबेरिक ऑक्सिजनमध्ये बंद कक्षात दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात, रोज साधारण दीड तास, तीस ते चाळीस बैठका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक देशांतल्या चाचणीत त्याने रुग्णांचा त्रास कमी झाला. पण अस्तराला रक्त पुरवणाऱ्या नव्या, चांगल्या वाहिन्या तयार व्हायला आठवडे लागतात, दहा बैठकांत फरक नाही म्हणून सोडून देणं म्हणजे पैसा आणि कष्ट दोन्ही वाया. बाहेरगावचे असाल तर राहण्याची सोय आधी लावा, मगच सुरुवात करा.

आणि रेडिएशनचा कागद जपा. डॉक्टरांनी डोस नि तारखा विचारल्या तेव्हा मावशीची फाईल माळ्यावरच्या पेटीत होती, दोन दिवस शोधण्यात गेले. आता त्या कागदाचा फोटो आम्हा तिघांच्याही मोबाईलमध्ये आहे.