जुना प्लाझ्मा टाकायला निघालो होतो

2010 साली बाबांनी घेतलेला आमचा 42 इंची प्लाझ्मा टीव्ही मी दिवाळीच्या साफसफाईत भंगारात काढणारच होतो. चेहरे टोमॅटोसारखे लाल, क्रिकेटचं मैदान रेडियमसारखं हिरवं आणि कोपऱ्यात न्यूज चॅनेलच्या लोगोची पुसट सावली. आई म्हणाली, "अरे, आधी नीट बघ तरी, मग टाक."

रात्री दिवे मालवून बसलो. पिक्चर मोड 'डायनॅमिक'वर होता. दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून असतो तो, घरासाठी नाही. 'सिनेमा' लावला, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणला. माणसांच्या कडेची पांढरी रेघ गेली, काळ्या केसांत एकेक बट दिसायला लागली. प्लाझ्माचा काळा रंग म्हणतात तो हा! लोगोची सावली मात्र हट्टी निघाली. कॉन्ट्रास्ट उतरवून आठवडाभर बातम्या बंद ठेवल्या (बाबा रुसले), तेव्हा फिकी झाली.

आवाजात भुणभुण होती. म्यूट केलं तरी थांबेना. पडद्यावर पांढरं आलं की वाढायची, अंधाराचं दृश्य आलं की गप्प. म्हणजे स्पीकर निर्दोष, आवाज पॅनेलच्या विजेचा. कॉन्ट्रास्ट कमी झाल्यावर तीही बरीच दबली.

संवाद घुमत होते, त्याला कारण 'सराउंड', म्हणजे आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा भासवणारी सेटिंग. ती बंद करून बास (खर्जातला आवाज) दोन घरं खाली आणला. आता मालिकेतली सासू पुटपुटली तरी आईला स्वयंपाकघरात कळतं.