जुनी टोपोशीट घेऊन जांबोटीच्या रानात? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचं रान फिरणाऱ्यांकडे हल्ली जुन्या टोपोशीटची (भारतीय सर्वेक्षण खात्याच्या तपशीलवार नकाशाची) स्कॅन हमखास असते. जांबोटी शीट क्रमांक ४८ आय/६ वर, खानापूर ४८ आय/१० वर. डोंगर, सोंडा, खिंडी यांबाबत या नकाशांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. फसवतं ते बाकीचं.

सर्वांत जास्त गोंधळ जीपीएसमुळे होतो. नकाशावरून अक्षांश-रेखांश काढून मोबाईलमध्ये टाकले की देऊळ शे-दीडशे मीटर सरकतं. सर्वेक्षण चुकलेलं नसतं. जुनी मोजणी एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर आहे, मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या प्रतिमानावर चालतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत शीटचे चार कोपरे बसवताना ‘कल्याणपूर १९७५’ ही जुन्या मोजणीची पद्धत निवडा, मग डब्ल्यूजीएसमध्ये बदला. त्यानंतर दोन ओढ्यांचा संगम उपग्रह चित्राशी ताडून बघा. रस्त्याचा फाटा घेऊ नका, तो रुंदीकरणात हललेला असतो.

कडेचा मजकूर कापलेली स्कॅन तर घेऊच नका. सर्वेक्षणाचं वर्ष तिथेच असतं, आणि छपाईचं वर्ष वेगळं. आता कोल्हापूर जिल्ह्यात असलेलं चंदगड बेळगाव जिल्ह्यात दिसलं, तर हद्दी १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या समजा. हिडकल धरणाचं पाणी दिसत नसेल, तर तिथल्या वाटा आता जलाशयात गेल्यात.

एक इंच = एक मैल शीटवर कंटूर (समान उंचीच्या रेषा) पन्नास फुटांच्या अंतराने, नव्या १:५०,००० वर वीस मीटरच्या. दहा रेषांची चढण म्हणजे एकीकडे दीडशे मीटर, दुसरीकडे दोनशे. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाणाचं गणितच कोलमडतं. अमेरिकी लष्कराची यू५०२ मालिका नेटवर फुकट मिळते, पण ती १:२,५०,००० ची. एका सेंटीमीटरात अडीच किलोमीटर! घरी बसून बघायला ठीक.

तुटक रेषेची पाऊलवाट म्हणजे परवानगी नव्हे. याच रानातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आत जाण्याआधी वन खात्याला विचारा.

आणि पाण्याचं. निळी रेषा बारमाही, काळी हंगामी. नवखे काळ्या नाल्याला वाट समजून उतरतात, किंवा फेब्रुवारीत तिथे बाटली भरायला जातात. मार्चनंतर मी तर निळ्या रेषेवरही भरवसा ठेवत नाही, पाणी बेळगावातूनच भरून नेतो.